‘मीच’ला इंग्रजीत काय म्हणतात?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच रात्रवर्गात मी पहिल्यांदा खडू हातात धरला. संध्याकाळी साडेसातला, दिवसभराची नोकरी उरकून आलेली माणसं बाकांवर बसायची. बाक शाळकरी मुलांच्या मापाचे, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे वर यायचे. सर आल्या आल्या फळ्याकडे वळत नसत. आधी विचारत, “आज कुणाला इंग्रजी बोलायची वेळ आली? काय बोललात? समोरच्याला काय कळलं?” त्या दिवसाचा धडा या उत्तरांतून निघायचा. पुढे तो वर्ग माझ्याकडे आला. आज जे मांडणार आहे ते सगळं त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून गोळा झालेलं आहे.

त्यातलं एक उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. एका कारखान्यातले रखवालदार वर्गाला येत. पन्नाशीला टेकलेले, शाळा सातवीत सुटलेली. एका रात्री गोदामातून माल गेला आणि सकाळी चौकशी लागली. चौकशी करणारे साहेब परप्रांतातले, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, गेटला कुलूप कुणी लावलं? आमचे रखवालदार ताठ उभे राहून म्हणाले, “आय ओन्ली लॉक्ड द गेट.” त्यांना सांगायचं होतं, कुलूप मीच लावलं, जबाबदारी माझी. साहेबांना कळलं ते असं, की मी फक्त गेटला कुलूप लावलं, बाकी काही केलं नाही. म्हणजे फेरी मारली नाही, गोदाम तपासलं नाही. तशी नोंद झाली आणि एका प्रामाणिक माणसावर कामचुकारपणाचा ठपका आला. वर्गात हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. “मी खरं तेच बोललो,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

व्याकरणाचं कुठलंही पुस्तक सांगेल की ‘ओन्ली’ चुकीच्या जागी आलं. ठीक आहे. मग बरोबर वाक्य कोणतं? ‘आय लॉक्ड द गेट’, एवढंच. पण ते सपाट म्हटलं तर त्यात ‘मीच’ कुठे आहे? ‘मीच’ येतो तो ‘आय’वर आवाजाचा जोर दिल्यावर. तो जोर पुस्तकात छापलेला नसतो. मराठीत आपण शब्दाच्या शेपटीला ‘च’ लावतो आणि काम होतं: मीच लावलं, कुलूपच लावलं, गेटलाच लावलं, रात्रीच लावलं. हा ‘च’ दिसतो, लिहिता येतो, शाळेत शिकवता येतो. इंग्रजीत बहुतेक वेळा हे काम आवाजाने करावं लागतं. ‘आय’ उचलून म्हटलं की मीच, ‘गेट’ उचलून म्हटलं की गेटलाच. आपल्याकडे जे काम व्याकरणाच्या खात्यात जमा आहे, ते तिकडे उच्चाराच्या खात्यात आहे. आमच्या रखवालदारांनी ‘च’चं शब्दशः भाषांतर शोधलं आणि त्यांना ‘ओन्ली’ सापडला. ‘च’ला तिथे शब्दच लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

तेव्हापासून व्याकरणाचा तास वेगळा आणि उच्चाराचा तास वेगळा ही वाटणी मी सोडून दिली. प्रौढ माणूस तोंडात एक अख्खी भाषा घेऊन वर्गात येतो. ती बाहेर ठेवून ये असं त्याला सांगता येत नाही आणि सांगूही नये. त्याची मराठी कोणतं काम कशाने करते हे आधी त्याला दाखवायचं, मग तेच काम इंग्रजी कशाने करते ते दाखवायचं. हे एवढं नीट झालं तर निम्मी चढण संपते असा माझा अनुभव आहे.

प्रौढांना शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कामकरी माणसांसाठी रात्रशाळा काढली. त्याच्या आदल्याच वर्षी सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला होता आणि त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. ज्यांच्यापासून अक्षर दूर ठेवलं गेलं त्यांनी ती भाषा हातात घ्यावी, असा तो आग्रह. दिवसभर राबून रात्री बाकावर बसणाऱ्या माणसाची निकड काय असते हे त्या दोघांना कळलं होतं. आज माझ्या वर्गात येतात त्यांची निकडही तशीच आहे. परिचारिकेला परदेशी जायचं असतं. औद्योगिक वसाहतीतल्या पर्यवेक्षकाला दर सोमवारी परदेशातल्या मुख्यालयाशी फोनवर बोलायचं असतं. द्राक्षं निर्यात करणाऱ्या शेतकऱ्याला औषधांच्या अंशांविषयीची अट नेमकी काय म्हणते ते स्वतः विचारायचं असतं. एका आईला मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत बाईंशी बोलायचं असतं, आणि शेजारी बसलेल्या मुलाने मान खाली घालू नये एवढीच तिची इच्छा असते. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या पिढ्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत किंवा त्याहून उशिरा पडली, आणि तीही कागदावर.

आता आवाजाकडे येतो, कारण माणसाला सगळ्यात जास्त लाज आवाजाची वाटते.

मराठी माणसाला उच्चारशास्त्र येत नाही असं मानणं हीच पहिली चूक. ते त्याच्या बालवाडीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग जीभ वर वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांचा. घशाकडून ओठांकडे अशी ओळीने मांडलेली वर्णमाला आपण पाठ केली, पण ती तोंडाचा नकाशा आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलं नाही. मी पहिल्या आठवड्यात तेवढंच करतो. सगळ्यांना ‘क, च, ट, त, प’ सावकाश म्हणायला लावतो आणि जीभ कुठे टेकते ते बोटाने दाखवायला सांगतो. एक आजी तेव्हा म्हणाल्या, “अगं बाई, ही तर पुढेपुढे चालत येते!” त्या क्षणी त्यांच्या हाती जे साधन आलं ते आयुष्यभर पुरणारं होतं.

मग एक वाक्य देतो: ‘चार गाईंना चारा चार.’ पहिला ‘चार’ आकडा, शेवटचा ‘चार’ म्हणजे खाऊ घाल. लिहायला दोन्ही एकच. म्हणताना? आकड्याच्या वेळी जीभ टाळूला लागते, खाऊ घालण्याच्या वेळी दातांच्या मागे. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांचंही तसंच. स्पेलिंग एक आणि उच्चार दोन, ही गोष्ट आपण दूध पीत असल्यापासून बिनबोभाट सांभाळत आलो आहोत. तेव्हा इंग्रजीत ‘रीड’ हे क्रियापद वर्तमानात ‘रीड’ आणि भूतकाळात ‘रेड’ होतं, लिहायला मात्र तेच राहतं, म्हणून ती भाषा वेडी ठरत नाही. उलट आपल्याला तिची सवय आधीपासूनच आहे.

स्पेलिंगविषयी इथेच थोडं सांगून टाकतो, कारण प्रौढ विद्यार्थ्याला वाटतं की आपलंच डोकं कमी पडतंय. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं खिळ्यांत बसत गेली. साधारण १४०० ते १७०० या काळात बोलणाऱ्यांच्या तोंडातले दीर्घ स्वर मात्र सरकत होते. ‘नाइफ’च्या आधीचा ‘के’ तेव्हा खरोखर उच्चारला जायचा. पुढे तोंड बदललं, खिळे राहिले. ‘नेम’ आणि ‘टाइम’ असे का लिहितात याचं उत्तर त्या तीन शतकांत आहे. हे कळलं की वर्गातल्या माणसाचे खांदे सैल होतात. मी ते स्वतः पाहिलं आहे.

आता एक छोटा प्रयोग सांगतो. घरी गेल्यावर करून बघा. एसटीचं तिकीट किंवा कुठलाही पातळ कागदाचा कपटा ओठांसमोर चार बोटांवर धरा आणि मराठी ‘पाणी’ म्हणा. कागद जेमतेम हलेल. मग ‘फणस’ म्हणा, दोन्ही ओठ मिटून, जुन्या वळणाने. कागद उडेल. प आणि फ यांतला हा फरक म्हणजे श्वासाचा झोत. इंग्रजी मायबोली असलेला माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा त्याचाही कागद हलतो. ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा हलत नाही. त्याचा सुरुवातीचा ‘प’ आपल्या प आणि फ यांच्या मधे कुठेतरी पडतो. आपण मराठी ‘प’ तसाच लावून ‘पॅक’ म्हटलं तर त्याच्या कानाला ‘बॅक’ ऐकू येऊ शकतं. ‘कोट’चा ‘गोट’ होऊ शकतो. द्राक्षं निर्यात करणारे एक शेतकरी मला म्हणाले की ते फोनवर ‘पॅक’ म्हणायचे आणि तिकडचा माणूस दर वेळी विचारायचा, काय परत येतंय? त्यांना मी नवा आवाज शिकवला नाही. त्यांच्याच तोंडातला फ त्यांना दाखवला आणि म्हटलं, याच्या दिशेने निम्मं जा. दहा मिनिटांत जमलं. भारतातल्या भारतात बोलताना या झोताची गरज नाही, हेही सांगितलं. जिथे लागत नाही तिथे उगाच ओझं कशाला?

व्ही आणि डब्ल्यू यांचा गोंधळ सगळेच सांगतात. पण मराठी लिहिणाऱ्याने त्याची अर्धी सोय स्वतःच करून ठेवली आहे. आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि ‘वॉटर’ लिहितो. म्हणजे फरक कानाला कळलेला आहे, फक्त तो आपण ‘ह’च्या श्वासाने दाखवतो. तिकडे तो दातांनी दाखवतात. आरसा पुढे धरायचा, वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि गुणगुणायचं. आणि ‘वॉटर’साठी? ओठांचा चंबू करून ‘ऊ’पासून सुरुवात करायची, ऊ-ऑटर, आणि वेग वाढवायचा. ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांत तर आपण ॲ हे चिन्हच घडवलं, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’मध्ये. ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लेखनात कडक आहे, बोलण्यात मात्र ते शब्दातल्या जागेवरून ठरतं. त्यामुळे ‘मी हडपसरला राहतो’ असं सांगताना माणूस ‘मी हडपसर सोडतो’ असं सांगून बसतो.

पण मित्रहो, हे सुटे आवाज म्हणजे विटा आहेत. समोरच्याला न कळण्याचं मोठं कारण मला विटांत सापडलं नाही. ते जोराच्या जागेत सापडलं.

एका परिचारिकेची परदेशातल्या रुग्णालयासाठी फोनवर मुलाखत होती. तुमच्या वॉर्डात किती खाटा होत्या असं विचारलं. ती म्हणाली, “फिफ्टीन.” पण जोर दिला पहिल्या ‘फिफ’वर, आणि ‘टीन’ आखूड करून गिळला. समोरून प्रश्न आला, एकटीने पन्नास खाटा कशा सांभाळल्यात? ती गडबडली, खुलासा करायला गेली आणि आपलं काहीतरी खोटं पकडलं गेलं असल्यासारखा तिचा सूर झाला. पंधरा आणि पन्नास यांत इंग्रजी कानाला आधार असतो तो जोराचा आणि स्वराच्या लांबीचा. पन्नासात जोर पुढे आणि शेवट आखूड. सुटा पंधरा म्हणताना जोर मागे आणि ‘टीन’ लांब. मराठीत शब्दातला जोर हलला तरी अर्थ बदलत नाही. ‘पंधरा’ कसंही म्हणा, पंधराच राहतात. म्हणून हा धोका आहे हे आपल्या कानाला जाणवतच नाही. वर्गात मी तिला हाताने रबरबँड ताणायला दिला. जिथे जोर तिथे रबर ताणायचा: फिफ-टीऽऽन, फिऽफ-टी. आठवडाभर ती बसमध्ये रबर ताणत बसायची. शिवाय एक पक्की सवय लावली: आकडा सांगितला की लगेच सुटे अंक म्हणायचे, वन फाइव्ह. जिथे औषधाची मात्रा सांगायची असते, तिथे उच्चार सुधारेपर्यंत थांबता येत नाही.

माझ्या या समजुतीला विद्वानांचाही आधार आहे. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. आज तिचं विद्यापीठ झालं आहे. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसांचं इंग्रजी दुसऱ्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. शब्दातला जोर भलत्या जागी पडणं हे न कळण्याचं एक ठळक कारण म्हणून त्यात पुढे आलं. त्यानंतर १९९५ साली कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी आणखी एक गाठ सोडवली. चिनी मातृभाषा असलेल्या प्रौढांचं इंग्रजी त्यांनी स्थानिक श्रोत्यांना ऐकवलं आणि ऐकलेलं लिहायला सांगितलं. ज्यांची ढब श्रोत्यांना फार परकी वाटली, अशांपैकीही अनेकांचा शब्दन् शब्द बरोबर लिहिला गेला. म्हणजे ढब वेगळी असणं आणि न कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या शहरांत ढब पुसून देण्याचे वर्ग चालतात, त्यांत माणसाला त्याच्या गावाचा, आईच्या बोलण्याचा वास जिभेवरून घालवायला सांगतात. मी ते काम करत नाही आणि करणारही नाही. पंधराचे पन्नास होऊ नयेत, राहतोचं सोडतो होऊ नये, यासाठी मी कितीही रात्री बसेन. पण साताऱ्याच्या माणसाचं इंग्रजी साताऱ्याच्या माणसासारखं वाजलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. स्कॉटलंडचा माणूस आपली ढब घेऊनच जगभर फिरतो.

व्याकरणात सर्वांत जास्त रडवतात ते ‘ए’ आणि ‘द’. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून नियम पाठ करायला सांगतात. प्रौढ माणूस नियम पाठ करतो आणि बोलताना सगळीकडे ‘द’ पेरतो, कारण त्याला ते सुरक्षित वाटतं. मी त्यांना आजीची गोष्ट सांगायला लावतो. कुणीही सांगो, सुरुवात होते ती ‘एक राजा होता’ अशी, आणि दुसरं वाक्य ‘त्या राजाला’ असं. पहिल्या वाक्यात ‘तो राजा होता’ म्हटलं तर ऐकणारं पोर लगेच विचारेल, कोणता राजा? बस, हाच नियम. ऐकणारा ‘कोणता?’ असं विचारेल अशी स्थिती असेल तर ‘ए’. त्याला ठाऊकच असेल तर ‘द’. प्रत्येक जागी ही चावी लागत नाही. नद्यांची नावं, वर्तमानपत्रांची नावं वगैरे सवयीनेच येतात. पण दहापैकी सात कुलपं तिने उघडतात, आणि मुख्य म्हणजे ती चावी त्याच्या खिशात आधीपासून होती.

‘तो काल गावाला गेला आहे’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. इंग्रजीत ‘ही हॅज गॉन यस्टरडे’ चालत नाही. का नाही, हे प्रौढ माणूस विचारतोच. लहान मूल विचारत नाही, ऐकतं आणि उचलतं. मोठ्याला कारण लागतं, आणि ते त्याचं वैगुण्य नाही, बळ आहे. कारण असं, की इंग्रजीतला तो ‘हॅज’ आत्तामध्ये पाय रोवून उभा असतो. ‘काल’ म्हटलं की काळाचं दार लागलं. मग आत्ताशी नातं सांगणारं रूप तिथे राहत नाही. आपला ‘आहे’ अधिक उदार आहे, तो कालचा दिवसही पोटात घेतो. दोन भाषांनी काळाची वाटणी निराळी केली एवढंच. ‘तो माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरिड विथ’, या चुकांत मला निष्काळजीपणा दिसत नाही. त्यांत मराठीचं नेटकं व्याकरण दिसतं. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच सांगितलं: शिकणाऱ्याची चूक म्हणजे तो कोणत्या नियमाने चालला आहे याचा पुरावा.

आणि एक गोष्ट आहे जी पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. माझ्या वर्गातले एक निवृत्त तलाठी इंग्रजीत बोलायला तयारच नसत. खूप दिवसांनी कारण कळलं. “सर, वडीलधाऱ्या माणसाला ‘यू’ म्हणायला जीभ उचलत नाही. तू आणि तुम्ही एकच? हे कसलं बोलणं?” त्यांची अडचण खरी होती. आपला आदर क्रियापदात असतो: बस, बसा, बसावं. ‘सिट’ म्हटलं की त्यांना वाटायचं आपण समोरच्याला हुकूम सोडला, आणि खरोखर तो तसाच वाजायचा. इंग्रजीचा ‘बसावं’ कुठे आहे? तो ‘वुड’ आणि ‘कुड’मध्ये आहे, प्रश्नासारख्या रचनेत आहे, आणि शेवटी सुराच्या चढउतारात आहे. ‘वुड यू लाइक टू सिट?’ हे वाक्य कोरडं म्हटलं तर पुन्हा हुकूमच होतो. मऊ म्हटलं तर हात पुढे करून आसन दिल्यासारखं होतं. पुन्हा तेच: व्याकरण आणि आवाज मिळून एक काम करतात. तलाठीभाऊंनी ते वाक्य इतक्या अदबीने म्हटलं की वर्गातली एक बाई नकळत उठून बसली.

आता एक कबुली. पहिल्या दोन वर्षांत मी चुका जागच्या जागी, सगळ्यांसमोर दुरुस्त करत असे. एक ताई होत्या, पोळ्या लाटायचं काम करायच्या. त्या सांगत होत्या की मुलाला ताप आहे, आणि मी मधेच थांबवून ‘ही’ आणि ‘शी’ यांतला फरक समजावू लागलो. त्या गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, नंतरही नाही. सरांनी मला एवढंच विचारलं, “मुलाचा ताप उतरला का?” मला सांगता आलं नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून माणूस बोलत असताना मी वहीत लिहितो, आणि त्याचं सांगून झाल्यावर, आधी त्याने सांगितलेल्या गोष्टीवर बोलून मग चुकीकडे येतो. चुकाही निवडतो. ज्या चुकीने अर्थ बदलला ती आज. बाकीच्या थांबू शकतात.

कुणी विचारेल, मग पद्धत कोणती? आपल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मी तिचा ऋणी आहे. मराठी वाक्य शेजारी ठेवून इंग्रजी बांधायचं, हा तिचा मार्ग प्रौढांच्या स्वभावाला धरून होता. तिच्यातून पक्कं लिहिणारी माणसं निघाली, पण पुस्तकाला आवाज नसतो. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत अगदी उलट टोकाचा प्रयोग केला. व्याकरण सांगायचंच नाही, मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे अशी कामं इंग्रजीतून सोडवायला द्यायची. मी त्यांच्याकडून काम घेतलं, वेळापत्रकं वर्गात आणली, आणि त्यांचा फायदा उघड दिसला. पण ती शाळेतली मुलं होती. माझ्यापुढे बसणाऱ्यांना आठवड्यातले तीन तास मिळतात, तेही थकलेले, आणि त्यांना कारण हवं असतं. त्यांना कारण नाकारणं मला अन्याय वाटतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली छापलेल्या मराठी व्याकरणाची मांडणीही इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची होती. नाम, सर्वनाम, क्रियापद हे शब्द आपल्या प्रौढांना शाळेतून ठाऊक आहेत. ती शिदोरी वाया का घालवायची?

रखवालदारांचं सांगायचं राहिलं. नोंद बदलून घ्यायला त्यांना पुन्हा साहेबांपुढे उभं राहायचं होतं. लेखी अर्ज मी करून देतो म्हणालो, तर ते नको म्हणाले. त्या संध्याकाळी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, चार शब्दांचं, आणि खाली मराठीत तीन वाक्यं: मीच कुलूप लावलं. कुलूप लावलंच. गेटलाच लावलं. सगळा वर्ग त्या एका इंग्रजी वाक्यावर बसला. कुणी ‘आय’वर टाळी द्यायचं, कुणी ‘लॉक्ड’वर, कुणी ‘गेट’वर. रखवालदार डोळे मिटून ऐकत आणि बोटाने मराठी वाक्य दाखवत. आधी कान, मग तोंड. साडेनऊला शिपाई किल्ल्या वाजवायला लागला तेव्हा ते उठून उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि म्हणाले. ‘आय’ उंच, थोडा लांब, आणि बाकीचं वाक्य त्याच्या मागोमाग खाली उतरत गेलेलं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मीच!” रखवालदार म्हणाले, “हां. मीच.” आणि पुन्हा एकदा, अजून सावकाश, म्हणाले.